डबा परत आला पाहिजे

नाव: प्रद्युम्न आनंद देवस्थळे. वय: चोवीस. राहणार: भोर शहर. शिक्षण: पर्यावरणशास्त्रात पदवी. पद: संस्थापक, सामुदायिक परसबाग, मौजे पासली, तालुका वेल्हे. कार्य: पडीक जमीन लागवडीखाली आणून गरजू कुटुंबांस भाजीपाल्याचे मोफत वाटप. लाभार्थी: बारा कुटुंबे. ओळखचिन्ह: तळहातावर एकही घट्टा नाही.

ही माहिती त्याने युवा पुरस्काराच्या अर्जात स्वतःच भरली. ओळखचिन्हाचा रकाना तेवढा कोरा राहिला होता, तो इथे भरला आहे.

पासलीच्या शाळेमागची जागा गावातल्या बायकांनी खणली, टाकीचे पाणी त्यांनीच घातले, आणि दर गुरुवारी तीच भाजी त्यांना दान मिळू लागली. प्रद्युम्न मोटारसायकलवर यायचा, फोटो काढायचा आणि भाजी वाटायचा. तो मध्ये होता म्हणून ते दान. एरवी ती नुसती मेथी होती.

दान स्टीलच्या डब्यातून होई. उपक्रम प्लास्टिकमुक्त होता, त्यामुळे पुढच्या गुरुवारी डबा परत आला पाहिजे असा नियम. प्रत्येक डब्यावर प्रद्युम्नचे नाव कोरलेले, म्हणजे वांगी खाताना कुणाची आठवण काढायची याचा घोटाळा नको.

आता, दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत, हे पदवीच्या अभ्यासक्रमात नसेल, मान्य. पण भोरमध्येही शेजारची वाटी साखर घालूनच परत जाते. पासलीहून डबे परत आले ते कुणाचे नाचणी घालून, कुणाचे चार अंडी ठेवून. प्रद्युम्नने याला 'ग्रामीण कृतज्ञता' असे नाव दिले आणि सगळे घरी नेले.

बारावे घर बाळाबाईचे. साठी उलटलेली, एकटी, पाच गुंठ्यांचे एक भातखाचर. कोंबड्या नाहीत. ती तांदूळ घालायची. मार्चमध्ये घरचा तांदूळ संपला. रेशनचा तांदूळ दुसऱ्याच्या भांड्यात घालायची तिला लाज वाटे. कणगीत उरले होते ते बियाण्याचे भात, जूनच्या पेरणीसाठी राखलेले. एवढ्याशा भातासाठी गिरणीवाला गिरणी सुरू करत नाही. तिने ते उखळात कांडायला घेतले.

"आगं, बियाचं भात हाय ते," शेजारचे कोंडिबा म्हणाले.

"मंग रिकामा डबा धाडू? त्याची आई काय म्हनंल?"

"भाजीच घिऊ नगं की."

"दारात आल्यालं अन्न माघारी लावू व्हय? लई शाने तुमी."

भोरमध्ये भात शिजला. मधुवंतीबाईंनी, म्हणजे प्रद्युम्नच्या आईने, वासावरूनच ओळखले. "अगं बाई, हातसडीचा! असा दुकानात मिळत नाही हो." तो निरोप प्रद्युम्नने इमानाने पोचवला. "मावशी, आईला तुमचा तांदूळ फार म्हणजे फारच आवडला."

पुढच्या गुरुवारी बाळाबाईने डबा काठोकाठ भरला.

कोंडिबांना राहवेना. "सायब, भाजी बायांच्या पदरात घाला की. डबा नगं."

"पदरात काय काका! काही स्वच्छता, काही शिस्त? डबा परत आला पाहिजे."

"त्यो भरून येतोय, म्हनून तर म्हनतोय."

प्रद्युम्न मनापासून हसला. ग्रामीण वृद्धांची विनोदबुद्धी त्याला भावते. अर्जात तसे लिहिले आहे, पान तीन.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कणगीचा तळ दिसला. कोंडिबा पायलीभर बी घेऊन तिच्या दारात गेले. "पेर मुकाट्यानं," म्हणाले.

"आन् तुमची पायली परत कशानं भरू?" बाळाबाईने विचारले. कोंडिबा बी घेऊन माघारी आले.

महिनाअखेरीस प्रद्युम्नला पुरस्कार मिळाला. शाल, नारळ, सन्मानपत्र. सन्मानपत्रात 'पडीक जमीन लागवडीखाली आणल्याबद्दल' हे शब्द ठळक अक्षरात आहेत.

जूनमध्ये पासलीत भाताची पेरणी झाली. एक खाचर पड राहिले. पाच गुंठे, बाळाबाईचे.