शेकोटीचा स्वयंघोषित पुजारी

ब्रिस्टलला असताना एका जूनमध्ये ऑफिसातल्या मित्राबरोबर मी पार्कात मिडसमरची, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची, शेकोटी बघायला गेलो होतो. तिथे साठीचा एक गोरा गृहस्थ शेकोटीचा मालक असल्यासारखा मिरवत होता. अंगात पांढरा झगा, झग्याखाली चकचकीत स्पोर्ट्स शूज. कुणी जवळ आलं की डोळे अर्धवट मिटून "आपल्या पूर्वजांची परंपरा" सुरू करायचा.

"काय सोंग आहे!" मित्र माझ्या कानाशी पुटपुटला.

तेवढ्यात एक लाटव्हियन बाई म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून आली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट होता. आगीसमोर उभं राहून दोघं हलक्या आवाजात गाऊ लागली. लोक त्यांच्याकडे वळले, तसा झगेवाला लगबगीने तिथे पोचला.

"सॉरी, पण हे ऑथेंटिक नाही."

बाई गोंधळली. "बाबा कालच आलेत. आमच्या गावात या दिवशी हेच गातात."

"गात असतील. मी या विषयाचा कोर्स केलाय."

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने लेकीला काहीतरी विचारलं. तिने काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने मुकुट काढला आणि साहेबापुढे टोपी धरावी तसा छातीशी धरून उभा राहिला.

झगेवाल्याने भाषण पुढे रेटलं. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माणसाला मी आजही मनसोक्त नावं ठेवतो. पण तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या होत्या.