आत्याच्या श्रीखंडावरचा आरोप

“साल्मोनेला निघालाय,” डॉक्टर म्हणाल्या. माझ्या शौचाचं ‘स्टूल कल्चर’ केलं होतं. म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखायचे. मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात सलाईन लावून पडले होते. ताप उतरत नव्हता. पोटात पाण्याचा घोटही टिकत नव्हता.

“अन्नातून येतो हा. आठवड्यात कुठे कुठे जेवलीस?”

माझं लग्न ठरलेलं, त्यामुळे केळवणं चालू होती. आईने घरं सांगितली: मामा, काकू, शेवटी ठाकुर्लीला एकटी राहणारी आत्या. आत्याच्या केळवणाच्या दुसऱ्याच दिवशी मी आडवी झाले. बाबांचंही पोट बिघडलं होतं.

काकू खुर्चीतूनच म्हणाली, “वन्संचं ते दही रात्रभर नळाला टांगलेलं असतं. म्हटलं नव्हतं मी?”

झालं. तपास संपला, निकाल लागला. आत्याच्या घरच्या चक्क्याचं श्रीखंड आमच्या घरात आरोपी ठरलं. ती भेटायला आली तेव्हा कुणी तिला धड बस म्हटलं नाही. पिशवीतला पेजेचा डबा तिने बाहेर काढलाच नाही. त्यानंतर ती आली नाही. लग्नालाही येणार नाही, असं तिने बाबांना फोनवर सांगितलं.

असं आजारपण तुमच्या घरात आलं तर एक करा. पुरावा मागा. आपल्याकडे रोग कुणाच्या तरी हाताला चिकटवायची घाई असते, आणि तो हात बहुतेक वेळा एकट्या बाईचा असतो.

मी डॉक्टरांना विचारलं, “तो आत्याकडचाच कशावरून?”

“अगं, साल्मोनेला हे नुसतं आडनाव झालं. पूर्ण नाव-पत्ता हवा तर टायपिंग करावं लागतं.”

‘स्ट्रेन टायपिंग’ म्हणजे एकाच जातीच्या जिवाणूंमधला वाण ओळखणं. त्यासाठी त्यांची जनुकं वाचतात. दोन रुग्णांमधला वाण तंतोतंत जुळला, तर दोघांना तो एकाच ठिकाणाहून आला असण्याची दाट शक्यता. कल्याण आणि ठाण्यातून असेच रुग्ण येत होते, म्हणून आरोग्य खात्याने बाबांसकट सगळ्यांचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. खात्याची माणसं ठाकुर्लीलाही गेली. आत्याने फ्रीझरमध्ये उरलेलं श्रीखंड डब्यासकट त्यांच्या हातात दिलं. “न्या. नीट तपासा,” एवढंच म्हणाली.

मी घरी आले. मऊ भात, ताक, पुन्हा मऊ भात. रिपोर्ट येईना. जिभेला चव नव्हती, तरी आत्याच्या पुरीसाठी जीव तुटायचा. केळवणाला ती पानावर अशी काही वाकायची, की नको म्हणायची सोयच नसायची.

शेवटी आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. श्रीखंडात काही सापडलं नव्हतं. बाबांच्या नमुन्यातही नाही. बाबा नुसते जास्त जेवले होते. माझा वाण मात्र कल्याणच्या आणि नौपाड्यातल्या रुग्णांशी जुळला. त्यातलं कुणीही आत्याच्या घरी गेलेलं नव्हतं.

“बाहेर काही खाल्लंत?” त्यांनी विचारलं. “चहाबरोबरचंसुद्धा सांगा.”

तेव्हा आठवलं. घोडबंदर रोडवर ऑफिसखाली उभ्या उभ्या खाल्लेलं मेयोनीज सँडविच. केळवणांच्या गडबडीत ते आम्ही कुणी जेवणात धरलंच नव्हतं. बाकीच्या रुग्णांनीही वेगवेगळ्या गाड्यांवर तेच खाल्लं होतं. कच्च्या अंड्यांचं ते मेयोनीज सगळ्या गाड्यांवर एकाच पुरवठादाराकडून बादल्यांनी यायचं, आणि खात्याने तपासलेल्या बादलीतही हाच वाण निघाला. म्हणून गाडीवाल्यांनाही झोडपू नका. वाट जिथवर जाते, तिथवर चाला.

काकू म्हणाली, “आम्हाला काय माहीत?” माहीत नव्हतं, तर बोललात कशाला?

मी ठाकुर्लीला गेले. रिपोर्ट वाचून दाखवला. आत्याने ऐकून घेतलं. “मला ठाऊक होतं गं,” म्हणाली, आणि आतून बिस्किटांचा पुडा घेऊन आली. “सीलबंद आहे. तारीख बघून घे.”

“आत्या, दही लाव ना.”

“बघू. आधी तब्येत सांभाळ.”

लग्नाला ती आली, आहेर केला, हसली. माझ्या ताटाजवळ मात्र फिरकली नाही.

त्या डॉक्टरांचे आणि अनोळखी प्रयोगशाळेचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी आत्याला निर्दोष ठरवलं. पुढचं काम प्रयोगशाळेचं नाही, आमचं आहे. मी दर रविवारी ठाकुर्लीला जाते, सकाळपासून काही न खाता. आत्या पुडा समोर ठेवते. मी तो फोडत नाही. भूक लागलीय म्हणून सांगते आणि बसून राहते.