त्रासाला नावं ठेवा

मुलांनो, तुमच्या आजीने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि एका साध्या इंग्रजी वाक्याने तिची फजिती केली. ती हकीकत ऐका.

निवृत्तीनंतर मी गोंदियात दर बुधवारी स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांच्या एका गटात जात असे. औषधांनी आजार बराच आटोक्यात होता. पण आपण पागल, आपण चारचौघांत शोभत नाही, हे प्रत्येकाच्या मनात घट्ट बसलेलं. म्हणून इथे प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची, आणि त्या गोष्टीत आजार हे फक्त एक पात्र. गट चालवणाऱ्या समुपदेशक मुलीचे कागद इंग्रजीत. ते मराठीत सांगायचं काम माझं.

गटातल्या देवरीकडच्या एका बाईंच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. हळदीची गाणी त्यांच्यासारखी कुणाला येत नसत. बहीण बोलावून थकली, पण यांचं एकच, "मी काऊन जाऊ? मांडवात पागल बाई पाहून वऱ्हाडी भितीन." त्यांना कुणीच अडवलं नव्हतं. त्याच स्वतःला अडवून बसल्या होत्या.

त्या दिवशी कागदावर होतं की त्रासाला माणसापासून वेगळं काढा, त्याला एखादं नाव द्या. मी ऐटीत म्हणाले, "चला, आता आपापल्या त्रासाला नावं ठेवा."

राइस मिलमध्ये हमाली करणारे एक भाऊ खूश झाले. "ठेवू का, मॅडम? फुकटचं बसून खाते!"

"काहीच पसंत नाही पडत त्याले," बाई म्हणाल्या. "आपण कुठं निघालो का तोंड वाकडं."

"न बोलावता येते."

"आन् मान पायजे घरच्यांपेक्षा जास्त!"

"अवो बाई," भाऊ ओरडले, "हा त्रास नोहे, हा तं जावई होय!"

समुपदेशक मुलगी आपण कोणत्या पानावर आहोत ते शोधत राहिली. मी चूक सुधारली नाही. इतकं सुरळीत चाललेलं काम मोडणं माझ्या शिस्तीत बसत नाही. (हा भाग तुमच्या बाबांना, म्हणजे माझ्या जावयांना, वाचून दाखवू नका.)

"आन् जावई रुसला तं?" बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"रुसू द्या. त्याले इचारून भाजी करता काय?"

"आमच्या घरी करतेत."

"म्हणूनच माजला थो!"

पुढच्या बुधवारी बाई आल्या त्या घसा बसवून. लग्नाला गेल्या होत्या.

"आन् जावई?" भाऊंनी विचारलं.

"आला होता ना सोबत. एसटीत सारा रस्ता कुरकुर. मांडवात म्हणे, लोक तुलेच पाहून राहिले. म्या म्हटलं, गाणाऱ्या बाईले नाही पाहणार तं कोणाले पाहतीन? मंग गाता गाता मी मधातच कडवं विसरली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं. कोणाले समजलं नाही. फक्त नवरी हसली. तिले मीच शिकवलीत ना सारी गाणी."