त्याचा साहेब कोण?

“सुनेत्रा, तू फक्त त्याच्या साहेबाचं नाव सांग. बाकीचं मी बघतो,” बापटकाका पुन्हा म्हणाले.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात वकिली करते, बहुतेक भाडेकरूंची. काका नागपूरच्या पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन मुलाकडे कायमचे राहायला आलेले. प्रत्येक साहेबाच्या वर आणखी एक साहेब असतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं.

झालं होतं असं. बी-१२ मधल्या भाडेकरूला घराबाहेर काढायची कोर्टाची ऑर्डर होती. ती बजावायला आलेल्या माणसानं चुकून काकांच्या मुलाचं डी-१२ उघडलं. मुलगा कॉन्फरन्सला गेलेला. काका बसने भाजी घेऊन आले, तर दाराचं कुलूप बदललेलं आणि सगळा संसार काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्याच्या डंपस्टरशेजारी टाकलेला. त्यातच कुठेतरी काकूंच्या अस्थींचा तांब्या होता. उन्हाळ्यात तो नाशिकला न्यायचा होता.

काकांनी त्या माणसाच्या छातीवरचा बॅज वाचला. कॉन्स्टेबल. त्यांना हायसं वाटलं. आपल्याकडे कॉन्स्टेबल म्हणजे साधा शिपाई. त्याच्याशी काय डोकं लावायचं? पिशव्या तशाच सोडून ते तडक पोलीस स्टेशनला गेले आणि चीफची वाट बघत बसले.

चीफ सभ्य निघाला. “सर, तो माझा माणूस नाही,” म्हणाला.

काका परत येईपर्यंत कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. मग मला फोन आला. आम्ही कचरा डेपोपर्यंत जाऊन आलो. तांब्या मिळाला नाही.

मी काकांना समजावलं. चीफ नोकर आहे, गाव त्याला काढू शकतं. इथला, पेनसिल्व्हेनियातला कॉन्स्टेबल मात्र निवडून येतो. त्याला पगार नाही, कामागणिक फी मिळते. तो पोलिसांच्या हाताखाली नाही आणि मेयरच्याही नाही.

“शिपाई निवडून येतो?”

“हो, काका.”

“मग माफी कोण मागणार?”

घरमालकाच्या इन्शुरन्सनं सामानाची भरपाई दिली. गावानं हात वर केले. कॉन्स्टेबलला पदावरून काढा, असा अर्ज मी कोर्टात केला. एका चुकीनं माणूस नालायक ठरत नाही, असं जज म्हणाले. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचाच वीट आला.

“अगं, पण शेवटी त्याच्या वर कोणीतरी असेलच ना?” काकांचा हेका सुटेना.

“मतदार आहेत. या वॉर्डात राहणारे.”

काकांकडे फक्त ग्रीन कार्ड, नागरिकत्व नाही, म्हणजे मतही नाही. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. बसस्टॉपवर विद्यार्थी कानात इअरफोन घालून उभे होते. कॉन्स्टेबल निवडून द्यायचा असतो, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल?

“म्हणजे कोणीच नाही,” काका म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत तो कॉन्स्टेबल पुन्हा निवडून आला. समोर कोणी उभंच नव्हतं.

इथे नव्यानं येणाऱ्या काका-काकूंना मी आता एकच सांगते. बॅज दिसला म्हणून साहेब शोधायला धावू नका. आधी आपलं सामान उचला.