वकिलीणबाईंची पहिली अशील

चांदा, १९५४, चैत्रातला मंगळवार. हजर: ओसरीवर यजमान आणि त्यांचे अशील, मागच्या दारी मी आणि त्या अशिलाची विधवा भावजय. गैरहजर: दोघांच्या शेतांमधल्या बांधावरचं मोहाचं झाड. भांडण त्याचंच होतं.

यजमान वकील झाले त्या दिवशी मी वकिलीणबाई झाले. सनद लागली नाही, लग्न पुरलं. गावात या शब्दाचा अर्थ वकिलाची बायको, एवढाच. पण खेड्यावरून आलेल्या या बाईचा हिशेब सरळ होता. पाटील बाहेरगावी गेला की पाटलीणबाई कारभार बघते. मग वकिलीणबाईनं काय नुसत्या भाकरी थापायच्या?

"दीर झाडाले हात लावू देत नाई. साहेबाले त्यानं धरलं, म्हणून मी तुमाले धरलं."

"अहो, मी वकील नाही."

"मंग लोकं काऊन म्हणते?"

मी चौकशीला लागले. दाव्याची तारीख ज्येष्ठातली. मोहफुलं गळत होती ती आत्ता. कोर्ट बोलेपर्यंत बाईचं वर्षाचं मीठ-मिरची नि लुगडं दिराच्या टोपलीत जाणार होतं.

मी पदर खोचून ओसरीवर गेले. "भाऊ, उद्यापासून एक सकाळ तुम्ही वेचायचं, एक सकाळ भावजयीनं. पुढचं कोर्ट ठरवेल."

यजमान खुर्चीतून उठले. "अगं, हे माझे अशील आहेत!"

"आणि त्या माझ्या."

दीर गोंधळला. एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "साहेब, दोघांत मोठा वकील कोनता जी?"

यजमानांनी तोंड उघडलं. आतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता आणि पानं अजून वाढायची होती. त्यांनी तोंड मिटलं.

"बाई म्हणतात तसं करा," ते म्हणाले.

फुलं दोन घरांत गेली. ज्येष्ठात तारखेला कोणीच फिरकलं नाही, दावा खारीज झाला. भावजय त्याआधीच येऊन मला टोपलीभर वाळलेली फुलं देऊन गेली होती. यजमान दोन दिवस त्या टोपलीला वळसा घालून चालत होते.

झाड बांधाच्या नेमकं कोणत्या अंगाला येतं, हे मोजणीदार नेऊन बघायचं ठरलं होतं. तेवढं अजून राहिलंय.