मेथी निवडणारी बाई

सिंगापूरमध्ये पुंगोलला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मैत्रीण रविवारी चित्रं काढायची. एकदा हॉलंडला जाऊन आल्यापासून ती तिथल्या जुन्या चित्रकारांविषयी असं बोलायची, जणू ते तिच्या माहेरचेच.

"अगं, राजे नाहीत, देव नाहीत. दूध ओतणारी, भाजी सोलणारी, अंगण झाडणारी बाई. नुसतं काम! मला तुला तसं काढायचंय. मेथी निवडताना."

पुण्यातली नोकरी सोडून मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसा-पासवर इथे आले होते. मराठी मंडळाच्या जेवणात कुणी "तुम्ही काय करता?" विचारलं की मी ताटातल्या पापडाकडे बघायचे. दिवसभर मी जे करते ते कुणाला चित्रात काढावंसं वाटतंय, एवढ्यावरच मी विरघळले.

कित्येक रविवार तिच्या खिडकीशी बसले. "उजेड डावीकडूनच हवा, तिकडे तसाच असतो." इथे सूर्य डोक्यावर असतो, हे तिला मान्य नव्हतं. तिने माझ्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला, शेजारी पितळी तांब्या ठेवला. आमच्याकडे मेथी वर्तमानपत्र पसरून, टीव्ही बघत निवडतात. पण कलेपुढे काय बोलणार? माझ्या उजव्या हातावर फोडणीचा जुना डाग आहे. तो मी झाकायला गेले तर म्हणाली, "राहू दे. खरं तेच हवं." तेव्हा ती मला थोर वाटली.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये चित्र लागलं. हात माझे, डागासकट. चेहरा तिचा.

"हे काय गं?"

"अगं, तुझा चेहरा काही केल्या जमेना. हात तुझेच आहेत की! रागावू नकोस हं."

आणि ती वळून पाहुण्यांना सांगू लागली की, स्वयंपाकघर हीच तिची साधना. तिच्या स्वयंपाकघरात साधना करायला पगारी हेल्पर होती.

मी नवऱ्याला चित्रासमोर आणून उभं केलं. काही सांगितलं नाही. फोडणी उडाली तेव्हा त्या हातावर बर्फ त्यानेच धरला होता. तो ओळखेल.

त्याने मान कलती करून बराच वेळ पाहिलं. "हुबेहूब तीच," म्हणाला. "तूही असं काहीतरी शिक ना. वेळ असतो तुला."

घरी फ्रिजमध्ये मेथीची जुडी होती. ती मी निवडलीच नाही; पिवळी पडून टाकावी लागली.