तीन बोटं वाकणारं पातं

जगात जी जी म्हणून वस्तू माणसाच्या हातात मावते, ती ती आमच्या मामाआजोबांनी एकदा तरी वाकवून पाहिलेली आहे. मावत नाही ती ढकलून पाहिलेली आहे. हे माझ्या आईचे सख्खे मामा. घर बेळगावच्या वडगावात, आणि उभा जन्म हातमागावर साड्या विणण्यात गेलेला. पुढे माग बंद पडला, गल्लीभर पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला, पण मामाआजोबांचे हात काही बंद पडायला तयार नव्हते. चाळीस वर्षं सुताचा ताण बोटांनी जोखलेला माणूस, तो रिकामा बसून करणार काय? त्यांनी मग घरातल्या, गल्लीतल्या आणि पाहुण्यारावळ्यांतल्या सगळ्या वस्तू जोखायला घेतल्या. "डोळा फसतोय, कान फसतोय, हात न्हाय फसत," असं त्यांचं म्हणणं. मामीआजी समोर असली की यात "बायको तर फसवतीयाच" एवढी भर पडते, आणि मामीआजी आतून भांडं आपटून पोच देते.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा आहे. शेवग्याच्या शेंगा घ्यायच्या तर टोपलीतली प्रत्येक शेंग दोन्ही हातांनी धनुष्यासारखी वाकवायची, कानाशी न्यायची, मग परत सरळ होते का ते पाहायचं. ती भाजीवाली बाई ओरडते, "अज्जा, मुरीब्याड्री!" म्हणजे मोडू नका. मामाआजोबा शांतपणे सांगतात, "मोडत न्हाय गं आक्का, इचारतोय तिला." अर्ध्या तासानं तीन शेंगा निवडून होतात, आणि खरं सांगायचं तर आमटी अशी होते की बोलायची सोय नाही. एका लग्नात तर ते जेवायच्या पंगतीतून उठून थेट आचाऱ्याकडे गेले आणि त्याच्या हातातला झारा घेऊन तोलायला लागले. "दांड्याला जड हाय, मनगट दुखत असंल की तुझं," असं ते त्याला समजावत होते आणि कढईत पुऱ्या काळ्या होत होत्या. आचारी काय बोलला ते मी इथं लिहीत नाही. मनगट मात्र दुखत होतं म्हणे.

माणसंही यातून सुटत नाहीत. आईला निपाणीचं एक स्थळ आलं होतं. घरंदाज लोक, तंबाखूची वखार, मुलगा दिसायला राजबिंडा. मामाआजोबांनी त्याचा हात हातात घेतला, मनगट जरा दाबून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला आणि येताना एसटीत जाहीर केलं, "पोरगं ताठ हाय. वाकत न्हाय. असलं मोडतंय." स्थळ बारगळलं. पुढच्या महिन्यात येळ्ळूरचे माझे वडील बघायला आले. ते पाया पडायला पटकन वाकले आणि तितक्याच पटकन सरळ झाले. झालं, लग्न ठरलं! बाबा अजून कुरकुरतात की मला शेवग्याच्या शेंगेसारखा निवडला. आई म्हणते, "मग? आमटी बिघडली का?"

तर अशा माणसाच्या तावडीत माझी तलवार सापडली, त्याची ही हकिगत.

मी शाळेपासून तलवारबाजी खेळते. ढाल-तलवारीची नव्हे, जाळीचा मुखवटा आणि पांढरा पोशाख घालून खेळतात ती. आमच्या प्रकारात टोकानं भोसकायचं. पात्याच्या खोबणीतून दोन बारीक तारा टोकापर्यंत गेलेल्या असतात. टोक समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की तारा जुळतात, यंत्रावरचा दिवा लागतो आणि गुण मिळतो. दिवा नाही तर गुण नाही, मग तुम्ही समोरच्याला कितीही टोचा. त्या वर्षी मी कॉलेजात गेले होते आणि माझं सगळंच बिनसलं होतं. माझ्याकडचं पातं म्हणजे निव्वळ लोखंडी सळई. टोचलं की धक्का उलटा माझ्याच मनगटात यायचा. मी हरत होते, मनगटाला पट्टी बांधत होते आणि परत हरत होते. दसऱ्यानंतर धारवाडला राज्याच्या संघाची निवड होती. आईनं सांगून टाकलं होतं, "हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर खेळ, नाही तर मुकाट्यानं बी.कॉम. कर." बाबा वाकले आणि सरळ झाले, म्हणजे गप्प बसले.

त्यातच आमच्या सरांनी बाहेरून डझनभर नवी पाती मागवली. ज्याला जे मानवेल त्यानं ते घ्यावं म्हणून सगळ्यांना घरी बोलावलं. हे मी वडगावात जेवताना बोलून बसले. मामाआजोबांचा घास हातातच राहिला. "बारा पाती? आन् निवडनार कोन?" मी म्हटलं, मी. ते इतके हसले की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी ते माझ्या आधी हजर! हातात पिशवी, पिशवीत त्यांचा जुना धोटा. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो, लाकडी होडीसारखा. तो एका बोटावर तोलून धरत त्यांनी सरांना विचारलं, "सर, हे तुमाला जमतंय?" सरांच्या बोटावरून धोटा तीनदा पडला. तिसऱ्यांदा तो सरांच्या अंगठ्यावर पडला. यानंतर सर खुर्चीत बसले आणि पुढचे तीन तास कारभार मामाआजोबांकडे गेला.

आधी प्रत्येक पातं डोळे मिटून तळहातावर घेतलं. जड ती एका बाजूला. "दिसभर धरायचं हाय पोरीला. धोटा हजारदा फेकायचा असतोय, एकदा न्हाय." उरलेल्या प्रत्येक पात्याचा मुठीकडचा भाग टेबलाच्या कडेवर ठेवून त्यावर सरांच्या बायकोचा वरवंटा दाबला, आणि पुढं आलेल्या टोकाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मागून आणलेलं दोनशे ग्रॅमचं वजन सुतानं टांगलं. मग टोक किती खाली आलं ते बोटांनी मोजायचं. एक पातं दोनच बोटं वाकलं. "ह्यो हेडमास्तर." एक चार बोटं लवलं. "ही लई लाजती, उपेगाची न्हाय." एकाला त्यांनी आमच्या बाबांचं नाव दिलं, ते काय कारणानं ते मी बाबांना सांगितलेलं नाही. शेवटी एक पातं नेमकं तीन बोटं वाकलं आणि वजन काढल्यावर कुरकुर न करता जागेवर आलं. मामाआजोबांनी ते पुन्हा पुन्हा वाकवलं, कानाशी नेलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्ये तुझं."

सर तोवर आत जाऊन नियमांचं पुस्तक घेऊन आले होते. पानं उलटता उलटता थांबले. त्यात हीच चाचणी होती! पातं एका टोकाला धरायचं, दुसऱ्याला दोनशे ग्रॅम टांगायचे, वाक मोजायचा. सर एकदा पुस्तकाकडे बघत, एकदा वरवंट्याकडे. "आजोबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मामाआजोबा म्हणाले, "पुस्तकवाल्यानंबी आमच्यासारक्या कुनाकडं तरी बघितलं असंल की."

आणि काय सांगू, पातं खरोखरच माझं होतं. पंधरा दिवसांत मनगटाची पट्टी सुटली. टोक जिथं मनात आणीन तिथं जाऊ लागलं. मामाआजोबा रोज संध्याकाळी सरावाला यायचे आणि ओळखीपाळखी नसलेल्या पालकांना सांगायचे, "पातं मी काडलंय." माझं नाव त्यात यायचं नाही. मला राग यायचा, पण तो टिकायचा नाही. माग बंद पडल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातानं निवडलेलं काहीतरी कामाला लागलं होतं. मी जिंकणं ही माझी गरज होती तशी त्यांचीही होती.

खंडेनवमीला त्यांनी पातं पूजेला मागून नेलं. विणकरांच्या घरी त्या दिवशी मागाची फणी, धोटा, कात्री सगळ्यांची पूजा होते, मग नातीची तलवार कशी सोडायची? दोन दिवसांनी परत आलं ते आरशासारखं लखलखत. मी इतकी खूश झाले की विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. नवा धोटा विणकर तसाच मागावर चढवत नाहीत. त्याला आधी तेल पाजतात, म्हणजे लाकूड तडकत नाही आणि सूत अडकत नाही. मामाआजोबांनी पात्याला शेंगदाण्याचं तेल पाजलं होतं. नुसतं वरून पुसलं नव्हतं, खोबणीत थेंब थेंब सोडून रात्रभर मुरवलं होतं. जितकी माया तितकं तेल.

धारवाडला सकाळच्या तपासणीत दिवा ठणठणीत लागला. दोन लढती मी जिंकले. पण लढतींच्या मधे आम्ही तलवार टोक खाली करून उभ्या राहतो, आणि खोबणीतलं तेल हळूहळू टोकात उतरत होतं, हे कुणाला माहीत? तिसऱ्या लढतीत चौदा-चौदा झाले. एक गुण, आणि संघात जागा. मी पुढं झेपावले. माझं टोक तिच्या खांद्यावर बसलं, पातं झक्क वाकलं, तीन बोटं, मला हातात कळलं. दिवा लागला नाही. पुढच्याच क्षणी तिचं टोक माझ्या दंडावर आलं आणि तिचा दिवा लागला. मी हात वर करून तक्रार केली. पंचांनी टोक दाबून पाहिलं, आणि मेला तेव्हा नेमका दिवा लागला! निर्णय कायम.

कोपऱ्यात जाऊन सरांनी टोकाचे बारीक स्क्रू काढले, आत बोट घातलं, वास घेतला. "हे तर खायचं तेल आहे," ते हळूच म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. पलीकडून मामाआजोबा गर्दीतून वाट काढत येत होते. आले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पातं कसं हुतं गं?"

"पातं बरोबर होतं," मी म्हटलं. "मीच चुकले."

 येताना गाडीत ते बेळगाव येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

घरी मी आईशी आठवडाभर भांडले. शेवटी सरांनी येऊन तिला तेलाची गोष्ट सांगितली. आई हसली, मग डोळे पुसले आणि आणखी एक वर्ष दिलं. मामाआजोबांना कुणी काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. पण काहीतरी बिघडलं होतं. एकदा बाजारात ती भाजीवाली मला म्हणाली, "अज्जाला बरं न्हाय काय? न वाकवताच शेंगा घेऊन गेले." मामीआजीही म्हणाली, झाऱ्याला नावं ठेवली नाहीत दोन महिन्यांत, मला करमत नाही. मला वाटलं, वय झालं.

वर्षभरानं सरांकडे पुन्हा नवी पाती आली. सरांनी मुद्दाम निरोप धाडला, आजोबांना घेऊनच ये. मी वडगावात जाऊन त्यांना जवळजवळ ओढत आणलं. टेबलावर पाती मांडलेली, वरवंटासुद्धा तयार. मामाआजोबा दारापासून हलेनात. दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे.

"तूच बघ," ते म्हणाले. "माज्या हाताला तेल असतंय."

म्हणजे त्यांना माहीत होतं. धारवाडला गर्दीतून येताना त्यांची नजर आमच्याच कोपऱ्यावर होती. सरांना स्क्रू काढून वास घेताना त्यांनी पाहिलं होतं, मी सरांच्या तोंडावर हात ठेवलेलाही पाहिला होता. आणि तरीही मला विचारलं होतं, पातं कसं होतं. वर्षभर हा माणूस ते एकट्यानं उरात घेऊन फिरला होता, आणि मी इकडे शहाणी, आपण त्यांना वाचवलं म्हणून मिरवत होते.

मला रडू येणार असं दिसल्यावर मी भांडायला सुरुवात केली. दुसरं काही मला येत नाही. "तेल पाजायला कुणी सांगितलं होतं? निवडायला सांगितलं होतं फक्त! चला, हात धुवा साबणानं आणि या. मी चुकून एखादी सळईच उचलून नेली तर मनगट तुम्ही दाबून देणार काय रोज?" सरांच्या बायकोनं साबण आणून दिला. मामाआजोबांनी कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, वास घेतला, पुन्हा धुतले. मग डोळे मिटून एकेक पातं तळहातावर घेतलं. वजन टांगलं, बोटं मोजली. हेडमास्तर निघाले, लाजऱ्या निघाल्या, मी उगाच मोठ्यानं हसले. शेवटी एक पातं त्यांच्या हातात बराच वेळ राहिलं.

"ह्ये," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "खरं एकदा तू बघ. बरोबर हाय न्हवं?"

त्या दिवसाआधी उभ्या जन्मात या माणसानं कुणाला 'तू बघ' म्हटलं नव्हतं. आईचं लग्न ठरवतानाही नाही. मी पातं घेतलं, वाकवलं, सोडलं. अगदी बरोबर होतं. त्याच पात्यानं मी त्या वर्षी संघात गेले, अजूनही खेळते. मामाआजोबा पुन्हा शेंगा वाकवतात, झारे तोलतात, मामीआजीची भांडी पुन्हा आपटायला लागली आहेत. फक्त आता काहीही निवडलं की एकदा माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "बरोबर हाय न्हवं?" मी दर वेळी होय म्हणते. त्यांनी विचारू नये असं मला फार वाटतं, पण ते विचारतात.